ग्रुप कॅप्टनची दाढ

पावसाची नुसती भुरभुर होती. हवाई तळाच्या इस्पितळाच्या मागच्या पायऱ्यांवर ती छत्री मिटत उभी होती, आणि नेमक्या त्याच वेळी आतून एक माणूस इतका सुसाट बाहेर आला, की त्याचा खांदा छत्रीला लागला, छत्रीची काडी तिच्या चष्म्याला, आणि चष्मा थेट खालच्या पायरीवरच्या डबक्यात!

"सॉरी... सॉरी... लागलं का तुम्हाला?"

त्यानं वाकून चष्मा उचलला आणि शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. पण एकाच हातानं. दुसरा हात गालावर चिकटवल्यासारखा होता. एका हातानं चष्मा पुसणाऱ्या त्या उंचपुऱ्या माणसाकडे पाहून तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"उजवीकडची, खालची," ती म्हणाली. "शेवटून दुसरी दाढ."

"काय?"

"दुखतेय ती. आणि दातांचा दवाखाना आत आहे. तुम्ही उलट्या दिशेनं निघालात."

"मला... एक काम आठवलं."

"त्या दारात आल्यावर सगळ्यांनाच आठवतं."

त्यानं चष्मा तिच्या हातात दिला. कानशिलांवर थोडे पांढरे केस, डोळ्यांच्या कडांना उन्हाच्या सुरकुत्या. आणि डोळ्यांत मात्र... शाळेच्या पहिल्या दिवशी पोरांच्या डोळ्यांत असतं ना, अगदी तसलं काहीतरी.

"तुम्ही इथल्याच का?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं. "नवीन डॉक्टर आलीय म्हणे. भयंकर खडूस आहे असं ऐकलंय."

"फारच खडूस आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "चला, ओळख करून देते."

तिनं दार उघडलं, खुंटीवरचा पांढरा कोट अंगात घातला आणि वळून पाहिलं. त्याचा चेहरा असा काही पडला होता, की तिला ओठ चावून हसू दाबावं लागलं. तेवढ्यात आतून सिस्टर आल्या. तीस वर्षं याच इस्पितळात काढलेल्या, कुणालाही न घाबरणाऱ्या सिस्टर. त्याला बघताच त्या ताठ झाल्या.

"गुड मॉर्निंग, सर!"

सर? साध्या शर्टातल्या या माणसाला?

मग तिला कळलं. हा ग्रुप कॅप्टन. तळावरची सगळी उड्डाणं याच्या हाताखाली. तरुण पायलट त्याला पाठीमागे 'हेडमास्तर' म्हणायचे, आणि त्याच्या बुटांचा आवाज आला की आपल्या बुटांच्या नाड्या तपासायचे. तो हेडमास्तर आता तिच्या खुर्चीत बसला होता आणि त्यानं खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"तोंड उघडा."

त्यानं उघडलं. "तुम्हाला सांगतो डॉक्टर, माझे वडील बस डेपोत मेकॅनिक होते..."

"बोलण्यासाठी नाही उघडायला सांगितलं!"

पण तो बोलतच राहिला. आरसा जवळ आला की त्याला काहीतरी आठवायचं. डेपोच्या पत्र्यावर चढून विमानं मोजणारं त्याचं लहानपण. सतराव्या वर्षी अकादमीत दाखल झाला, तेव्हा पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन आलेले वडील. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं, तेव्हा तो आत मोठमोठ्यानं गात होता आणि रेडिओ चालूच राहिला होता. खाली सगळ्या कंट्रोल टॉवरनं ते भेसूर गाणं ऐकलं! ती हसली, आणि हसता हसता तिनं एक्स-रेची पट्टी त्याच्या तोंडात सरकवली. तेव्हा कुठे तो गप्प झाला.

एक्स-रे पाहताना मात्र तिचं हसू मावळलं. जबड्याच्या हाडात जुनी, भरून आलेली भेग होती. तिच्याजवळ तारेचा इवलासा तुकडा राहून गेला होता.

"हे कधीचं?"

"सत्ताविसाव्या वर्षीचं. इंजिनाला आग लागली. मी खुर्चीसकट बाहेर पडलो. पॅराशूट उघडलं, पण उतरताना जबडा गुडघ्यावर आपटला." तो छताकडे बघत होता. "जवळच्या छोट्या इस्पितळात भुलीचं औषध संपलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांचा इलाज नव्हता. तारेनं बांधला. सहा आठवडे नळीनं दूध पीत होतो."

म्हणून हा पायऱ्यांवरून पळत होता तर.

"आणि हे सगळे दात झिजलेत," ती हळूच म्हणाली. "झोपेत दात खाता तुम्ही."

"कुणावर?"

"ते तुम्हाला माहीत."

त्यानं खुर्चीचे हात सोडले. मग म्हणाला, "स्वतःवर असेन. स्क्वॉड्रनचा प्रमुख असताना दोनदा मला लोकांच्या दारावरची बेल वाजवावी लागली, डॉक्टर. टोपी काखेत घेऊन. दार उघडणाऱ्या बाईला, मी काही बोलायच्या आधीच कळतं. दोन्ही वेळा एका अक्षराची गरज पडली नाही." त्यानं डोळे मिटले. "त्या दिवसापासून ठरवलं, माझ्यासाठी असं दार कुणी उघडायचं नाही. एकटा जीव बरा."

खिडकीबाहेर कुठलंतरी विमान गरजत गेलं. ट्रेमधली हत्यारं बारीक किणकिणली. तिनं हातमोज्यातली बोटं एकदा मिटली, उघडली आणि मुद्दाम रुक्ष आवाजात विचारलं, "वर गेल्यावर जास्त दुखते का दाढ?"

"नाही."

"खरं सांगा."

"...वीस हजार फुटांच्या वर गेलं की."

"तरीच! जुन्या फिलिंगखाली हवा अडकलीय. खाली शहाण्यासारखी बसते आणि उंचावर गेली की फुगते."

"आमचे काही अधिकारी असेच आहेत," तो म्हणाला.

सिस्टरांना खोकल्याची उबळ आली.

त्या दिवशी तिनं दाढ उघडली, औषध भरलं आणि त्याच्या कागदावर लिहिलं: उड्डाणास तात्पुरता अपात्र. तो कागद वाचताना त्याचा चेहरा सुई टोचतानाच्या चेहऱ्यापेक्षाही पांढरा झाला.

"किती दिवस?"

"मुळं पूर्ण साफ होऊन दाढ पक्की बंद होईपर्यंत. तीन आठवडे धरा."

"पुढच्या शुक्रवारी माझं स्क्वॉड्रनबरोबरचं शेवटचं उड्डाण आहे. महिनाअखेरीला बढती आहे. एअर कमोडोर होईन, मुख्यालयात टेबल मिळेल." तो किंचित हसला. "टेबल उडत नाही, डॉक्टर."

"दाढ वर भडकली तर तुम्हीही उडणार नाही," ती म्हणाली. पण म्हणताना त्याच्याकडे पाहायचं तिनं टाळलं.

तिला घरी सगळे 'भित्री भागूबाई' म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षीही ती लिफ्टपेक्षा जिना बरा म्हणायची, गॅसचं बटण तीनदा तपासायची, आणि उभ्या आयुष्यात विमानात बसली नव्हती. हवाई तळावर नोकरी घेतली, तेव्हा आई फोनवर हसून लोटपोट झाली होती. "अगं, तू तर गच्चीच्या कठड्याशीसुद्धा जात नाहीस!" पण दातांच्या खुर्चीशी ती कुणालाच घाबरत नसे. तिथे समोरचा घाबरलेला असायचा, आणि घाबरलेल्या माणसाला कसं सांभाळायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तळाच्या कुंपणाकडेच्या रस्त्यानं चालत होती. मागून सायकलची घंटी वाजली.

"खडूस डॉक्टर पायी?"

"अपात्र पायलट सायकलवर?"

तो उतरला आणि सायकल हातानं ढकलत शेजारून चालू लागला. ओल्या गवताचा वास येत होता. बोलणं थांबलं, की चेनची टकटक तेवढी ऐकू यायची. मग हे रोजचंच झालं. गॅसच्या बटणाचं, खिडकीतून विमानं मोजण्याचं, सगळं तिनं चालता चालता त्याला सांगून टाकलं. दोघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं... पण पावणेसहा वाजले, की तिचा कोट खुंटीवर जायचा आणि रस्त्याच्या वळणावर ती घंटी वाजायची. त्याचा हात सायकलच्या मुठीवर, तिचा छत्रीच्या दांडीवर, आणि मध्ये वीतभर अंतर. त्या वीतभर जागेत इतकं काही भरलं होतं, की चालताना तिचा तोल जाईल असं वाटायचं.

मंगळवारी तो तिला हँगरमध्ये घेऊन गेला. त्याचं विमान तिथे उभं होतं. राखाडी, टोकदार, तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. कॉकपिटला पाच पायऱ्यांची शिडी लावलेली होती.

"चढा."

"मी? अजिबात नाही."

"मी तुमच्या खुर्चीत बसलो की नाही?"

ती एक पायरी चढली. दुसरी. तिसरीवर तिनं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. खाली पाहिलं, तर त्याचे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना, तिला न लावता, हवेतच धरलेले.

"पुरे," ती पुटपुटली.

"पुरे," तो म्हणाला. "तीन पायऱ्या म्हणजे तुमच्यासाठी वीस हजार फूट."

उतरताना तिची बोटं त्याच्या मनगटावर टेकली, आणि खाली आल्यावरही तिथेच राहिली. परतीच्या वाटेवर ती कशावरच हसली नाही. रस्ताभर तिला एकच गोष्ट भेडसावत होती... त्या आतल्या खुर्चीत हा एकटा बसतो. वर. जिथे कुणाचा हात पोचत नाही.

गुरुवारी तो तिसऱ्यांदा आला. तिनं दाढ तपासली, दाढेच्या मुळात कागदाची बारीक काडी घालून पाहिली. काडीचं टोक ओलं आलं. अगदी किंचित, पण ओलं. आणखी आठवडाभर औषध ठेवायला हवं होतं. हे तिला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ माहीत होतं.

"दुखतंय?"

"मुळीच नाही." तो खुर्चीतून उठून बसला. "डॉक्टर... मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. उद्याची तासाभराची गोष्ट आहे. तेवीस वर्षांतला शेवटचा तास. खालूनच उडेन. वीस हजारांच्या वर जाणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला त्या ओल्या टोकाचा विसर पडला. विसर नव्हे... तिनं तो पाडून घेतला. वरून तात्पुरतं फिलिंग घातलं आणि कागद ओढून सही केली. उड्डाणास पात्र.

सिस्टरांनी रजिस्टर टेबलावर जरा जोरात ठेवलं.

शुक्रवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. दहाच्या सुमाराला चार विमानं एकामागोमाग वर गेली. तिच्या खिडकीतून धावपट्टीचं टोक दिसायचं. तिनं मोजलं: एक, दोन, तीन, चार. मग ती खुर्चीतल्या पेशंटकडे वळली. सामानाच्या भांडाराचा कारकून होता, अक्कलदाढेनं हैराण झालेला.

चाळीस मिनिटांनी आवाज आला. तिनं न बघताच कानांनी मोजलं. एक. दोन. ...तीन.

ती थांबली.

"झालं का, डॉक्टर?" कारकुनानं कापूस चावत विचारलं.

"शू..."

चौथा आवाज नव्हता. घड्याळाचा काटा एक मिनिट सरकला. दोन. आणि मग सायरन... लांबलचक, पोटातून निघाल्यासारखा. खिडकीखालून आगीचा बंब गेला, त्यामागून रुग्णवाहिका. तिच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. ओल्या काडीचं ते टोक डोळ्यांसमोर आलं आणि हलेचना. मी सही केली. माझ्या हातानं केली. कशासाठी? त्यानं तसं पाहिलं म्हणून?

"बसा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी फोन उचलला, टॉवरला लावला, ऐकलं. "वरच आहे. घिरट्या घालतोय. बोलतोय, पण धड बोलत नाही म्हणे."

धड बोलत नाही. का बोलत नाही, हे साऱ्या तळावर तिच्या एकटीला कळलं होतं.

बारा मिनिटं. सिस्टरांनी कारकुनाला केव्हाच बाहेर बसवलं होतं. ती खिडकीची चौकट धरून उभी राहिली. तिला एक दार दिसत होतं, आणि कुणीतरी टोपी काखेत घेऊन उभं... पण मग लक्षात आलं, की तिच्या दारावर कुणी येणारच नव्हतं. ती त्याची कोण होती? डॉक्टर. फक्त डॉक्टर. बातमी तिला जेवणघरात, दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून कळली असती. त्या विचारानं तिच्या घशातून असा आवाज निघाला, की सिस्टरांनी येऊन तिचा दंड धरला.

मग ते आलं. खूप लांबून, खूप हळू, एका बाजूला किंचित कललेलं. चाकं जमिनीला आपटली, धूर उडाला, काहीतरी फुटल्याचा धडाका झाला, आणि विमान धावपट्टी सोडून गवतात घसरत गेलं... घसरत गेलं... आणि थांबलं.

मागच्या पायऱ्या ती कशी उतरली, ते तिला आठवत नाही. पोचली तेव्हा तो बंबाजवळ उभा होता. आपल्या पायांवर. हेल्मेट काखेत, चेहरा राखेसारखा, आणि एक हात गालावर.

"टायर फुटला," तो जमलेल्यांना सांगत होता. "बाकी काही नाही. टायर फुटला."

आणि त्यानं गर्दीवरून तिच्याकडे पाहिलं. काही बोलू नका, असं ते डोळे विनवत होते.

दुपारी दवाखान्यात तिनं दाढ पुन्हा उघडली. आतली कोंडलेली हवा फिस्सकन बाहेर आली, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं.

"शब्द दिला होता तुम्ही!"

"तिकडे डोंगरांवर ढग चढले होते. पोरांना त्यांच्यावर न्यावं लागलं. बावीस हजार. दोनच मिनिटं." तो थांबत थांबत बोलत होता. "डोळ्यांपुढे पांढरं झालं. पोरांना घरी पाठवलं आणि इंच इंच खाली आलो. अहवालात मी टायर लिहिणार आहे. तुमची सही कुणी बघणार नाही."

"आणि मी ती केलीच नाही असं होईल?"

"डॉक्टर, तुमची नोकरी जाईल!"

"आणि उद्या दुसरा कुणी पायलट येऊन म्हणाला, मुळीच दुखत नाही? त्याच्याकडेही मी पाहीन, आणि करीन सही?" तिचा आवाज चिरकला. "आज बारा मिनिटं मी काय भोगलंय, माहीत आहे तुम्हाला? जा. कृपा करून जा आता."

तो गेला. दारात जरासा थांबला होता, पण तिनं वर पाहिलं नाही.

शनिवार-रविवार तिनं कसेबसे काढले. नोकरी गेली तर? परवाना काढून घेतला तर? आणि त्याची बढती? तो पुन्हा तोंड तरी बघेल का आपलं? फोनवर आई विचारत होती, "आवाज असा का गं?" आणि ती म्हणत होती, "सर्दी आहे." पावणेसहाला खिडकीशी गेली नाही. घंटीही वाजली नाही.

सोमवारी सकाळी तिनं एका पानावर सगळं लिहिलं. ओल्या काडीपासून सहीपर्यंत, काही न गाळता. आणि इस्पितळाच्या प्रमुखांच्या दारावर टकटक केली. मोठे डॉक्टर म्हणत त्यांना सगळे. टक्कल, जाड भिंगं, आणि रागावले की पेन्सिल कानात घालायची सवय. पेन्सिल कानातच होती.

त्यांनी तिचं पान वाचलं. मग खण उघडून दुसरं पान काढलं आणि तिच्यापुढे टाकलं.

"हे सकाळी सातला आलंय."

ते अक्षर तिनं ओळखलं. 'दाढेचे दुखणे मी डॉक्टरांपासून लपवले. पात्रतेच्या सहीसाठी मी माझ्या हुद्द्याचा दबाव आणला. दिलेली उंचीची मर्यादा मीच मोडली. टायर हे कारण नव्हे. डॉक्टरांचा यात काहीही दोष नाही.'

"दबाव आणला नाही त्यांनी!" ती उसळून म्हणाली. "हे साफ खोटं आहे!"

"त्यांच्या मते तुमचं खोटं असेल." मोठ्या डॉक्टरांनी पेन्सिल काढली. "तीस वर्षं झाली मला या नोकरीत. लोक आपला दोष दुसऱ्यावर ढकलताना रोज बघतो. दोन माणसं दोष आपल्याकडे ओढताना आज पहिल्यांदा बघतोय. भांडण कसलं आहे तुमचं? संसाराचं वाटतंय."

तिचे कान तापले.

"हसण्यावारी नेत नाही मी," ते एकदम कडक झाले. "तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. सहा महिने तुमच्या प्रत्येक पात्रतेच्या कागदावर माझी दुसरी सही लागेल. मुख्यालयाशी बोलणं झालंय, त्यांची बढती सहा महिने पुढे जातेय, आणि दाढ पूर्ण बरी होईपर्यंत उड्डाण बंद. माणूस मेला असता, बाई. कळतंय?"

"कळतंय," ती म्हणाली. आणि तिथेच, त्या टेबलापाशी, तिला रडू कोसळलं.

बाहेर पाऊस लागला होता. मागच्या पायऱ्यांवर, आडोशाला, तो उभा होता. गणवेशात. किती वेळचा, कोण जाणे. बूट भिजून काळेभोर झाले होते.

"तुम्ही ते पान का दिलंत?" दोघांनी एकदमच विचारलं.

"दाढ बंद करायची राहिलीय," तो म्हणाला. "कधी येऊ?"

"येऊ नका. शहरातल्या एका चांगल्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. मी आता तुमची डॉक्टर राहू शकत नाही."

"ताकीद मिळाली म्हणून?"

"नाही... माझा हात थरथरतो."

"माझ्यामुळे?"

"तुमच्यासाठी."

ती बोलून गेली. मागे घेता आलं असतं, पण तिनं घेतलं नाही. चष्म्याच्या काचांवर थेंब जमले होते, आणि त्यापलीकडे तो अंधुक, हलता दिसत होता. बरंच होतं. स्पष्ट दिसला असता, तर पुढचं बोलता आलं नसतं.

"मी भित्री आहे," ती म्हणाली. "नुसती लाजरी-बुजरी नव्हे, खरोखरची भित्री. उद्या दाढ बरी झाली की तुम्ही पुन्हा वर जाल. आणि मी खिडकीशी उभी राहून मोजत बसेन. मला नाही वाटत मला ते जमेल. आणि... न मोजताही जमणार नाही. शुक्रवारी कळलं मला ते."

त्यानं टोपी काढली. पावसाचं पाणी केसांतून कपाळावर ओघळलं.

"भीती वाटणार नाही असं सांगू शकत नाही. खोटं बोलून झालंय माझं एकदा, पुरे झालं." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "माझ्यासाठी कुणी घाबरू नये, म्हणून इतकी वर्षं एकटा राहिलो. फार शहाणपण वाटायचं त्यात. शुक्रवारी वर डोळ्यांपुढे पांढरं झालं ना, तेव्हा हात बाहेर पडायच्या दांड्याकडे गेला होता. ओढला असता, की सुटलो असतो दुखण्यातून. विमानाचं काय व्हायचं ते होवो. पण त्या खुर्चीनं जबडा एकदा मोडलाय माझा, आणि दुसऱ्यांदा मी वाचलोच असतो असं नाही. तेव्हा मनात आलं, खाली ती मोजत असेल. चौथं विमान आलं नाही म्हणून. म्हणून सावकाश उतरलो. बारा मिनिटं लागली. कुणी मोजणारं नसतं, तर मी इतका धीर धरला नसता." तो थांबला. "मला तुम्ही हव्या आहात. घाबरलेल्या असलात तरी. तशाच."

"तशाच?"

"गॅसचं बटण आपण दोघं मिळून तपासू. सहादा."

ती रडता रडता हसली. आणि मग ते वीतभर अंतर कुणी ओलांडलं, ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. त्याच्या ओल्या गणवेशाच्या गुंड्या तिच्या गालाला गार लागल्या, आणि त्यामागे त्याचं काळीज घाबरल्यासारखं धडधडत होतं. दाराच्या काचेआड सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी पडदा ओढून घेतला.

शहरातल्या डॉक्टरांकडे बुधवारची वेळ मिळाली. बाहेरची खोली लहान होती. भिंतीला टेकून चार खुर्च्या, कोपऱ्यात कुंडी, आणि आतून ड्रिलचा तो बारीक, किरकिरा आवाज. सकाळपासून तो विनोद करत होता. त्या आवाजाबरोबर गप्प झाला. साधा निळा शर्ट, मांडीवर दोन्ही हात, आणि पाय एका लयीत हलतोय. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी त्याच्याकडे कणवेनं पाहिलं.

"त्यांच्याकडे भूल आहे ना?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"आहे. मी स्वतः फोन करून विचारलंय."

"पुरेशी?"

"हत्तीला पुरेल."

आतलं दार उघडलं. मदतनीस बाईंनी त्याचा नंबर पुकारला. तो उभा राहिला, पण पाऊल उचलेना. चेहरा पहिल्या दिवशीसारखा पांढरा. बाहेरच्या दाराकडे त्यानं एकदा चोरून पाहिलंसुद्धा.

तिनं उठून त्याचा हात धरला. आजोबांसमोर, मदतनीस बाईंसमोर, चांगला घट्ट. तिचा स्वतःचाही हात गार पडला होता.

"जा," ती म्हणाली. "घाबरू नकोस. मी आहे इथे."

तो दोन पावलं गेला आणि गर्रकन वळला.

"काय म्हणालात?"

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "काही नाही. आत जा म्हटलं."

"त्याच्या आधी?"

"...नंबर जाईल तुझा!"

तो हसला. गाल दुखत होता, तरी तोंडभर हसला, आणि तसाच हसत आत गेला. दार बंद झालं. ड्रिल पुन्हा सुरू झालं. ती आजोबांच्या शेजारी बसली, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि त्या दाराकडे डोळे लावून मिनिटं मोजायला लागली.